मेडिकल कॉलेजातल्या क्लिनिकल रिसर्च सेंटरने नेमकं करायचं काय?

प्रश्न असा आहे: एका मेडिकल कॉलेजात क्लिनिकल आणि ट्रान्सलेशनल संशोधनाला पाठबळ देणारं केंद्र काढायचं ठरलंय. प्रस्ताव तयार आहे, पण ‘उद्दिष्टं’ हे पान कोरंच आहे. अमेरिकी विद्यापीठांची उद्दिष्टं वाचली तर सगळीकडे तेच ते मोठे शब्द. मग लिहायचं काय?

आधी एक गोष्ट ठरवून टाका. केंद्राने स्वतः संशोधन करायचं नाही. करणारे कॉलेजात आधीपासून आहेत: मेडिसिनमध्ये, सर्जरीत, पीएसएममध्ये (म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागात), पॅथॉलॉजीत. ते कुठे अडतात ते शोधून ती वाट मोकळी करायची, हे केंद्राचं काम. म्हणून उद्दिष्ट असं लिहा की वर्षाअखेरी त्याच्यापुढे एक आकडा मांडता येईल. ‘जागतिक दर्जाचं संशोधन घडवणे’ यापुढे कुठला आकडा मांडणार? ‘एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव दिल्यापासून निर्णयाचं पत्र हातात पडेपर्यंतचे दिवस निम्म्यावर आणणे’ यापुढे मांडता येतो. (एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातंय का ते तपासून मंजुरी देणारी समिती.)

अमेरिकेचं उदाहरण पाहायचंच तर त्यातला बदल पाहा. तिथे १९६०च्या सुमारापासून मोठ्या रुग्णालयांत संशोधनासाठी राखीव खाटा, नर्सेस आणि लॅब यांना सरकारी पैसा मिळत होता. २००६ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ अर्थात एनआयएचने नवी योजना आणली आणि पहिल्या फेरीत १२ संस्था निवडल्या. आता अशी साठएक केंद्रं आहेत आणि २०११ च्या शेवटी स्थापन झालेली एनकॅट्स ही संस्था त्यांचा कारभार पाहते. नव्या योजनेत खाटांच्या जोडीला संख्याशास्त्रज्ञ, डेटाबेस, नियमांच्या कागदपत्रांची मदत, तरुण डॉक्टरांचं प्रशिक्षण आणि आसपासच्या वस्तीशी संबंध या गोष्टी आल्या. या केंद्रांसाठी जी सामायिक मापं ठरवली गेली, त्यांतलं एक होतं एथिक्स समितीच्या मंजुरीला लागणारे दिवस, तेही मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढून. उचलायचं ते हे.

आता ‘ट्रान्सलेशनल’ या शब्दाकडे. लॅबमधला शोध रुग्णापर्यंत नेणं एवढाच अर्थ लोक घेतात. वाटेत खरं तर तीन वेगवेगळे खड्डे आहेत, आणि आपलं केंद्र कुठल्या खड्ड्यावर पूल बांधणार हे ठरल्याशिवाय बाकीची उद्दिष्टं लिहिता येत नाहीत.

पहिला खड्डा लॅब आणि पहिला रुग्ण यांच्यामध्ये आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगावर सोडणं) हे आपल्याकडचं ठळक उदाहरण. जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्रात, पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. यासाठी लागतं काय? रुग्णाच्या रक्तातून पेशी वेगळ्या काढण्याची सोय, त्या निर्जंतुक वातावरणात बदलून वाढवण्याची मान्यताप्राप्त जागा, आणि पेशी दिल्यावर ताप, रक्तदाब कोसळणं, भ्रम अशा प्रतिक्रिया आल्या तर सांभाळणारं तयार आयसीयू. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजाने हे उद्दिष्ट लिहू नये. त्यात कमीपणा काही नाही.

तिसरा खड्डा आधी घेतो. उपचार माहीत आहे, पण ज्याला हवा त्याच्या दारात पोचत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. निष्कर्ष १९९९ मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच गोष्ट देशपातळीवर सुरू झाली. १९९९ ते २०११, हे अंतर कमी करणं हेही ट्रान्सलेशनल संशोधनच. पीएसएमच्या प्राध्यापकांना ‘हे तर आमचं नेहमीचंच काम’ असं वाटून ते अशा केंद्रापासून लांब राहतात. त्यांना पहिल्या दिवसापासून समितीत घ्या.

मधला खड्डा मात्र विद्यापीठाच्या केंद्राने हक्काने स्वतःकडे घ्यावा: उपचार रुग्णाला देता येतो, पण त्याचा खरंच फायदा होतो का, हे पुरेशा रुग्णांवर कुणी तपासलेलं नसतं. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन, म्हणजे बधिरतेचं नेहमीचं इंजेक्शन, टोचायचं, ७ ते १० मिनिटं थांबायचं आणि मग गाठ काढायची. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर ही चाचणी झाली. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध जुनं, स्वस्त, पेटंट कुणाचंच नाही. अशा प्रश्नाला कुठली कंपनी पैसे देईल? जिथे नफा नाही पण रुग्णाचं भलं आहे असे प्रश्न विचारणं, हे उद्दिष्ट पहिल्या क्रमांकावर लिहा. मेडिकल कॉलेजाकडे त्यासाठी सगळ्यात मोठं भांडवल असतं: ओपीडी.

भांडवल आहे म्हणून आकडे मात्र अंदाजाने धरू नका. दुसरं उद्दिष्ट हेच: प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, लिहिण्याआधी संख्याशास्त्रज्ञाची गाठ. आपल्याकडे रिवाज उलटा आहे. डेटा गोळा झाला की एक्सेलची फाइल घेऊन ‘सर, जरा पी व्हॅल्यू काढून द्या.’ तोवर वेळ गेलेली असते. साधं गणित करून पाहा. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचं प्रमाण २० टक्के आहे आणि नव्या ड्रेसिंगने ते १५ वर येईल असं वाटतं. हा फरक ८० टक्के खात्रीने आणि ५ टक्के चुकीची मुभा धरून पकडायचा, तर एका गटात सुमारे ९०० रुग्ण लागतात. दोन गटांचे १,८००, गळती १० टक्के धरली की २,०००. युनिटमध्ये महिन्याला पात्र रुग्ण ४० आणि त्यातले निम्मे तयार झाले, तर महिन्याला २० जण मिळाले. म्हणजे १०० महिने, आठ वर्षांहून जास्त. रेसिडेंटचा थिसिस ६० रुग्णांचा असतो! त्यात ‘फरक आढळला नाही’ असं लिहिलं जातं, आणि ते वाचून कुणीतरी चांगलं ड्रेसिंग सोडून देतो. इथे केंद्राने दोनपैकी एक सांगायचं: पाच-सहा कॉलेजं एकत्र आणा, नाहीतर प्रश्न बदला. हे सांगायला संख्याशास्त्रज्ञाचा पूर्ण वेळ नसला तरी आठवड्यातले दोन ठरलेले अर्धे दिवस हवेतच.

पात्र रुग्णांचा आकडाही तोंडी धरू नका. विभागप्रमुख म्हणतात, ‘असे पेशंट रोज येतात.’ चाचणी सुरू झाली की ते कुठे जातात कळत नाही. या अनुभवाला लुई लासाग्ना यांच्या नावाने नियमच पडलाय. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे: आधी चार आठवडे ओपीडीच्या नोंदी घेऊन प्रत्येक निकष लावून मोजा. वय, सहव्याधी, गरोदरपण, राहण्याचं अंतर हे एकेक निकष लावत गेलं की शंभराचे पंधरा कसे होतात ते दिसतं.

एथिक्स कमिटीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक दिवस इथेच जातात. २०१९ च्या नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनुसार कमिटीत किमान सात सदस्य लागतात, निम्मे बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचे. एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारी व्यक्ती आणि किमान एक स्त्री सदस्य हवी. बैठकीला किमान पाच जण, आणि त्यात ठरावीक भूमिकांची माणसं हजर हवीत. वकीलसाहेब कोर्टात अडकले की बाकी सगळे येऊनही कोरम होत नाही. म्हणून कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिक दोन-दोन नेमा. नोंदणीचीही गल्लत होते. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, बाकी जैववैद्यकीय संशोधनासाठी आरोग्य संशोधन विभागाकडे. एक असली म्हणजे दुसरी आपोआप झाली असं नाही. मुदत पाच वर्षं, नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लावा.

प्रस्ताव परत येतात ते बहुधा शास्त्रीय चुकीमुळे नाही. मराठी संमतीपत्राची आवृत्ती आणि इंग्रजीची आवृत्ती जुळत नाही, सहसंशोधकाची सही नाही, बजेट जोडलेलं नाही, प्रोटोकॉलमध्ये ५ मिली रक्त आणि संमतीपत्रात १० मिली, अशा गोष्टी. केंद्रात एक माणूस बैठकीच्या दहा दिवस आधी प्रत्येक प्रस्ताव यादी हातात घेऊन तपासेल एवढं केलंत तर महिना वाचतो. मंजुरी मिळाली की सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी, तीही पहिला रुग्ण घेण्याआधी. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी क्रमांक नसेल तर बरीच नियतकालिकं पेपर घेत नाहीत. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी वेगळी. ती वेळापत्रकात सुरुवातीलाच धरा.

संमतीपत्राचं भाषांतर हे केंद्राचंच काम. सरकारी मराठीत लिहिलेलं पत्र कोणी वाचत नाही. ‘यादृच्छिकीकरण’ नको, ‘कोणाला कुठलं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत’ असं लिहा. ‘छद्मऔषध’ नको, ‘दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी’ म्हणा. १० मिली म्हणजे चहाचे दोन चमचे. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर करून घ्या. ‘नाही म्हटलं तरी तुमचा नेहमीचा उपचार चालू राहील’ हे वाक्य पहिल्याच पानावर हवं. ‘डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं’ ही संमती नव्हे. रुग्णाला त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावा, तेव्हा कळतं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना साक्षीदार हवा, आणि तो अभ्यासाच्या टीममधला नको. सिस्टरला हाक मारून सही घेतली की तपासणीत तेच पहिलं सापडतं. अगदी नव्या रेणूच्या, म्हणजे आधी औषध म्हणून न वापरलेल्या रसायनाच्या, चाचणीत दुर्बल गटातल्या रुग्णांच्या संमतीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त ध्वनिमुद्रण. म्हणजे दार लागणारी, पंख्याचा आवाज नसलेली एक खोली लागणार. वॉर्डच्या कोपऱ्यात हे होत नाही.

कोऑर्डिनेटर, म्हणजे अभ्यासातल्या रुग्णांच्या भेटी आणि नोंदी सांभाळणारा माणूस, हे केंद्राचं खरं यंत्र. किती लागतील ते तासांवरून काढा. सहा भेटींचा अभ्यास, भेटीला रुग्णासोबत दीड तास आणि कागदपत्रांना दीड तास, म्हणजे एका रुग्णामागे १८ तास. ४० रुग्णांचे ७२०, महिन्याचे कामाचे १६० तास धरले तर साडेचार महिने. यात नापात्र ठरलेल्यांची तपासणी, फोन आणि एसटीने येणाऱ्याची वाट पाहणं धरलेलंच नाही. एका माणसाच्या गळ्यात सात-आठ अभ्यास मारले की नोंदी घरी बसून, आठवून लिहिल्या जातात. ११ महिन्यांच्या करारावर नेमून नंतर आठवडाभर रिकामं ठेवायची पद्धत असेल, तर त्या आठवड्यात येणाऱ्या रुग्णांचं काय, हे आधी ठरवा. रुग्णांना दिलेला फोन नंबर केंद्राच्या सिमचा असू द्या, कोऑर्डिनेटरच्या खासगी मोबाइलचा नको. ती नोकरी सोडते, नंबर तिच्यासोबत जातो, आणि रात्री दोनला छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा फोन लागत नाही.

त्या फोनला वजन आहे. चाचणीतल्या रुग्णाचा मृत्यू, भरती होणं, जिवाला धोका अशी गंभीर घटना घडली तर २४ तासांत नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी, तिघांना कळवायचं असतं. सविस्तर अहवाल १४ दिवसांत. शनिवार-रविवारची सुटी नाही. चूक होते ती ठरलेल्या जागी: रुग्ण गावाजवळच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस भरती राहून येतो आणि पुढच्या भेटीला सहज बोलता बोलता सांगतो. उशीर झालाच तर कारण लेखी द्यावं लागतं. खिशात राहील असं कार्ड प्रत्येकाला द्या आणि भेटींच्या मधे दर पंधरवड्याला एक फोन करा.

नमुने आणि फ्रीझर. प्रस्तावात ‘बायोबँक’ (नमुन्यांचा जपून ठेवलेला साठा) हा शब्द सगळ्यांना आवडतो. खरेदी मात्र फक्त फ्रीझरची होते. रक्त काढल्यावर काय होतं ते आधी बघा. सीरम वेगळं न करता नळी टेबलावर राहिली तर तासाला पाच ते सात टक्के ग्लुकोज पेशीच खाऊन टाकतात. उशीर वाढला की पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. ११ वाजता काढलेलं रक्त मावशी जेवण करून दोन वाजता लॅबला नेते, त्याला उणे ८० अंशांत ठेवून काही उपयोग नाही. म्हणून सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळी गरगर फिरवून सीरम वेगळं करणारं यंत्र, रक्त काढण्याच्या खोलीतच हवं आणि नळीवर काढल्याची व गोठवल्याची अशा दोन्ही वेळा हव्यात. वेगळं केलेलं सीरम अर्ध्या मिलीच्या छोट्या कुप्यांत भरा. दोन मिलीची एकच कुपी केली तर प्रत्येक तपासणीला ती वितळवून पुन्हा गोठवावी लागते आणि प्रथिनं बिघडत जातात. लेबल गोठणात टिकणारं, छापील. मार्करची अक्षरं स्पिरिटच्या एका थेंबाने जातात.

जागेचा हिशोबही करा: २०० रुग्ण, चार भेटी, दर भेटीला सहा कुप्या म्हणजे ४,८०० कुप्या. एका बॉक्सात ८१ मावतात, म्हणजे ६० बॉक्स, एका अभ्यासाचे. दुसरा फ्रीझर रिकामा नसेल तर पहिला बंद पडल्यावर माल कुठे हलवणार? लाइट गेली की जनरेटर लागतो, तो प्रश्न सहसा नसतो. मे महिन्यात, सुटीच्या दिवशी खोलीचा एसी कुणीतरी बंद करून जातं, खोली चाळिशीवर जाते, कंप्रेसर दमून बंद पडतो आणि सोमवारी सकाळी सगळं पाणी. तापमान ठरावीक हद्दीबाहेर गेलं की दोन माणसांच्या मोबाइलवर गजर वाजेल असं यंत्र फ्रीझरसोबतच घ्या. किंमत फ्रीझरच्या मानाने किरकोळ आहे.

डेटासाठी रेडकॅप घ्या. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २००४ मध्ये बनवलेली ही प्रणाली ना-नफा संस्थांना करार केल्यावर मोफत मिळते. सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस तुमचा. कोणी कधी काय बदललं याची नोंद ती आपोआप ठेवते. एक्सेल ठेवत नाही. एक्सेलमध्ये एकच रकाना निवडून चढत्या क्रमाने लावला की एकाचं वय दुसऱ्याच्या साखरेला चिकटतं आणि तज्ज्ञालाही ते ओळखू येत नाही. फॉर्म बनवताना रक्तदाबाचे दोन आकडे दोन रकान्यांत घ्या, ‘१२०/८०’ हा मजकूर होतो, आकडा नाही. ‘माहिती नाही’ यासाठी ९९ वापरू नका, ९९ वर्षांची आजी खरंच येते. रुग्णाचं नाव आणि अभ्यास क्रमांक यांची जोडयादी वेगळ्या जागी, कुलपात.

पैशांबद्दल थोडक्यात. संशोधनाचं खातं वेगळं हवं, नाहीतर अनुदान कॉलेजच्या सामान्य खात्यात जमा होतं आणि किट संपल्यावर खरेदीची फाइल फिरत राहते. कंपनीशी करार करताना चार गोष्टी नीट वाचा: नापात्र ठरलेल्या रुग्णाच्या तपासणीचा खर्च कोण देणार, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोणाकडे, अभ्यास संपल्यावर फायली सांभाळण्याचा खर्च, आणि निष्कर्ष छापण्याचा हक्क. शेवटचं कलम ‘प्रायोजकाच्या संमतीने’ असं असेल तर सही करू नका.

प्रशिक्षणात कार्यशाळांची संख्या हे उद्दिष्ट म्हणून धरू नये. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) पायाभूत संशोधन अभ्यासक्रम रेसिडेंट आणि शिक्षक करतातच. अडतं ते वेळेवर. एनआयएचच्या तरुण संशोधकांसाठीच्या काही पुरस्कारांत ७५ टक्के वेळ संशोधनाला राखून ठेवण्याची अट असते. आपल्याकडे ओपीडी, वॉर्ड आणि शिकवणं सांभाळून एवढं शक्य नाही. पण वर्षाला दोन सहायक प्राध्यापकांना आठवड्यातला एक पूर्ण दिवस लेखी आदेशाने मोकळा देणं डीनच्या हातात आहे. आदेश लेखीच हवा, तोंडी मोकळीक पहिल्या तपासणी पथकाच्या भेटीपर्यंतच टिकते.

तर पहिल्या वर्षाच्या पानावर एवढं लिहा. एथिक्स कमिटीच्या निर्णयाचे दिवस मोजायला सुरुवात करणे, आणि वर्षाअखेरीस मध्यक ४५ दिवसांच्या आत आणणे. प्रत्येक प्रोटोकॉलवर सादर करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाची सही. शंभर टक्के अभ्यास पहिल्या रुग्णाआधी सीटीआरआयवर. कंपनीच्या पैशाविना, कॉलेजचा स्वतःचा एक प्रश्न, दोन-तीन शेजारच्या कॉलेजांसह सुरू करणे. ठरवलेल्या रुग्णसंख्येच्या निम्मीही मुदतीत न गाठणारे अभ्यास ओळखून बंद करणे. हे शेवटचं लिहायला कुणी तयार नसतं, पण अडकलेला कोऑर्डिनेटर त्यातूनच सुटतो.

आणि जागा मागताना प्रशासकीय इमारतीचा चौथा मजला स्वीकारू नका. तळमजला, ओपीडीला लागून, जवळ संडास आणि बसायला बाकं. गुडघ्याच्या अभ्यासातली म्हातारी लिफ्ट बंद असली की तिसऱ्या भेटीला येत नाही, आणि डेटात ती नुसती ‘गळती’ म्हणून मोजली जाते.